पाठींचा पडदा

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. पोस्टाचं जाड पाकीट दिसलं की तू वाचण्याआधी खुर्ची शोधतेस, म्हणून पहिल्याच ओळीत. उलट एकजण आलंय. यायचं होतं एप्रिल संपता संपता, आलंय फेब्रुवारीच्या सुरुवातीला. वेळेआधी पोचायची खोड आईकडून आलेली नाही, एवढं तरी तू मान्य करशील.

मुलगी आहे. नऊशे ऐंशी ग्रॅम. किलोची साखरेची पिशवी घे, त्यातून दोन चमचे चहात घाल, उरेल ती मुलगी.

मेसेज केला नाही. केला असता तर निळी खूण आली असती, उत्तर आलं नसतं, आणि मी दिवसभर त्या निळ्या खुणेशी भांडत बसले असते. टपालाला निळी खूण नसते. हा त्या खात्याचा एकमेव मोठेपणा. दिवस राहिल्याचं कळवलं तेव्हा फोनवर तू म्हणालीस ते म्हणालीस, मी म्हणाले ते म्हणाले. 'या वयात' या दोन शब्दांवर दोन सख्ख्या बहिणींनी इतके महिने अबोला धरावा, हा विषय मी एरवी लेखासाठी घेतला असता. तर उत्तर नकोच. कळवायचं म्हणून कळवलं.

ती एका काचेच्या पेटीत आहे. इथे सगळे पेटीच म्हणतात. पेटीला दोन्ही बाजूंनी गोल झरोके, त्यातून हात घालायचा. हात घालण्याआधी कोपरापर्यंत धुवायचा. बेसिनवर चित्रं लावलीत, हात कसे धुवावेत याची. माझ्या नवऱ्याने ती चित्रं अशी वाचली की जणू परीक्षा आहे. तो जमिनीची मोजणी करणारा माणूस. पहिल्या दिवशी पेटीची लांबी-रुंदी नजरेने मोजून बाहेर आला आणि म्हणाला, "जागा पुष्कळ आहे तिला." मग जिन्यात जाऊन बसला.

हेड सिस्टर म्हणतात, आत हात घाला, बाळाला कळतं. मला सर्दी झालीये, म्हणून मी लांबूनच बघते.

नाव ठेवलेलं नाही. तोवर मी तिला पाहुणी म्हणते. पाहुण्यांना किती दिवस राहणार हे विचारायचं नसतं, आपल्याला तसंच शिकवलंय ना.

तुझी
(तुला माहीतच आहे कोण)

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तर नको म्हटलं होतं, पण तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

मला घरी सोडलंय. पाहुणीला नाही. मी रोज सकाळी कामावर निघाल्यासारखी इथे येते आणि संध्याकाळी परत जाते. इथे माझं काम एकच, दूध काढणे. त्यासाठी वेगळी खोली आहे. भिंतीला टेकून सहा खुर्च्या, सहा पंप, आणि सहा बायका एका ओळीत. पंप घर्र घर्र करतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं. गोठा म्हटलं तर गाईंचा अपमान, त्या निदान चघळत तरी बसतात. आम्ही बाटलीकडे बघत बसतो. बाटलीत चमचाभर पडलं की शेजारीण म्हणते, "वा, आज बरंच आलंय!" तासाभराच्या मेहनतीचं एवढं कौतुक मला पंधरा वर्षं सदर लिहून मिळालं नाही.

आमच्या संपादकांचाही मेसेज आला. 'काळजी घ्या. सवडीने या अनुभवावर एक खुसखुशीत लेख होऊ शकेल.' खुसखुशीत! समुपदेशक बाई येऊन एक पुस्तिका देऊन गेल्या, 'आनंदी मातृत्व'. मुखपृष्ठावरचं बाळ एवढं गुबगुबीत, की त्याला थेट दुसरीत घालता येईल. पुस्तिका सगळ्यांनी घेतली. खुर्चीचा पाय हलतो, त्याखाली ती बरोबर बसते.

इथे कुणी कुणाचं नाव विचारत नाही. माझ्या शेजारी ड्रायव्हिंगवाली. गाडी शिकवायची शाळा चालवते, आवाज असा की समोरचा ट्रक बाजूला व्हावा. तिचा मुलगा पाहुणीच्या शेजारच्या पेटीत. पलीकडे जुळीवाली, तिच्या दोन मुली दोन पेट्यांत. टोकाला बारकी, जेमतेम विशीतली, सारखी नाक ओढणारी. आणखी दोघी आहेत, त्या एकमेकींतच कुजबुजतात. मला सगळ्या 'लेखिकाबाई' म्हणतात. त्यांचा समज, मी कथा लिहिते. लोकांच्या कुचाळक्या करून पोट भरते, हे मी सांगितलं नाही.

आज एक बघितलं ते तुला सांगायचंय. बाळ जरा सावरलं की आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. कातडीला कातडी. त्याने त्याचा श्वास लागतो, वजन वाढतं. पण पेट्यांच्या खोलीची एक भिंत काचेची आहे, बाहेरून येणारे-जाणारे, शिकाऊ डॉक्टर, साहेब लोक सगळे आत बघतात. पडद्याचा स्टँड होता, त्याचं चाक मोडलं. नवीन मागवलाय. मागवलाय म्हणजे काय, ते तुला सांगायला नको, तू सरकारी शाळेत खेळाची बाई होतीस, तुझे नेटबॉलचे खांब अजून यायचेत.

तर आज बारकीच्या मुलाची पाळी. हेड सिस्टर म्हणाल्या, "चला, उठा." आणि दूध काढणाऱ्या सगळ्या बायका बाटल्या झाकून उठल्या. बारकीच्या खुर्चीभोवती गोल करून उभ्या राहिल्या, तिच्याकडे पाठ करून. खांद्याला खांदा. ड्रायव्हिंगवालीने माझा दंड धरून मला ओढलं. "लेखिकाबाई, ही फट तुमची. मान वळवायची नाही. तोंड बाहेर."

मी उभी राहिले. समोर काचेपलीकडे एक डॉक्टर सँडविच खात होता, त्याच्याकडे बघत. माझ्या पाठीमागे कापडाची सळसळ झाली. बारकीने एकदाच 'हं' असं केलं. मग काही नाही. ताई, मी आजवर इतकी भाषणं ऐकली, इतके सत्कार बघितले. त्या 'काही नाही'सारखं काही ऐकलं नाही. किती वेळ उभे होतो कोण जाणे. पायाला मुंग्या आल्या. कुणी हललं नाही.

सर्दी नव्हती मला. तुला ते पहिल्याच पत्रात कळलं असणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे, पिवळे, स्वतः विणलेले. चिठ्ठी नाही. आत कागदाचा कपटा असेल म्हणून मी मोजे उलटे करून झटकलेसुद्धा. आपल्या घराण्याला शोभेलसंच.

हेड सिस्टरांनी मोजा हातात धरला, पेटीकडे बघितलं, परत मोज्याकडे बघितलं. "कुणी विणलाय? हिच्या नवऱ्यासाठी का?" एका मोज्यात पाहुणी कमरेपर्यंत मावेल. तरी त्यांनी ते ठेवून घेतलेत, निर्जंतुक करून बघू म्हणाल्या.

या आठवड्यात हसण्यासारखं एवढंच होतं.

इथली बाळं श्वास घ्यायला विसरतात. खरंच. आजारी असतात म्हणून नाही, अजून सवय नाही म्हणून. चाललेलं असतं व्यवस्थित आणि मध्येच थांबतं. यंत्र ओरडतं, सिस्टर येते, झरोक्यातून हात घालून तळपायाला टिचकी मारते. की बाळाला आठवतं, अरे हो, श्वास. आणि परत सुरू. मी गॅस बंद करायला विसरते, चष्मा विसरते. ही बाई श्वास विसरते. पहिल्यांदा माझ्यासमोर झालं तेव्हा मी जागची हलले नाही. ओरडलेही नाही. भिंतीला चिकटून उभी राहिले आणि मनात एकच वाक्य, मी तिला अजून हात लावलेला नाही, म्हणजे हे माझ्यापर्यंत येणार नाही. असलं वाक्य माणसाच्या मनात येतं, ताई. 

इथे प्रत्येक आईला दोन चिंध्या देतात. मऊ, रुमालाएवढ्या. एक आपल्या छातीशी ठेवायची, एक बाळाच्या डोक्याशी, आणि रोज अदलाबदल. बाळाला आईचा वास, आईला बाळाचा. ड्रायव्हिंगवालीने तिच्या चिंध्यांवर लाल मार्करने 'एल' काढलाय, शिकाऊ गाडीवर असतो तसा. "नवा ड्रायव्हर आहे, सांभाळून घ्या," असं येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरला सांगते.

माझ्या चिंध्या दिल्या तशाच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. पेटीखालच्या कप्प्यात. अदलाबदल करायची म्हणजे तिचा वास घरी न्यायचा. आणि उद्या काही झालं, तर त्या चिंधीचं मी काय करायचं? धुवायची? जुळीवालीला विचारायला हवं. तिची एक मुलगी गुरुवारी गेली.

शुक्रवारी ती दूध काढायला येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. वेळेवर. आपल्या खुर्चीत बसली. पंप लावला. बाटलीवर चिकटवायला रोज दोन लेबलं मिळतात तिला, सिस्टरने सवयीने दोन दिली आणि मग सिस्टरचाच चेहरा उतरला. जुळीवालीने ती हातात धरली.  मग जुळीवालीने दोन्ही लेबलं एकाच बाटलीला चिकटवली. एकावर एक. अंगठ्याने नीट दाबली. आणि म्हणाली, "हिला जास्त लागेल आता."

दुपारी कुणाच्या तरी बाळाला छातीवर घ्यायचं होतं. हेड सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बसा हो आज." ती उठलेलीच होती.

 माझ्याकडे टोमण्यांचा एवढा साठा आहे, ताई, पण तिला म्हणायला एक साधं वाक्य नव्हतं.

२ मार्च, सोमवार

ताई,

आज माझं भांडण झालं. कडाक्याचं, शेजारच्या वॉर्डातून लोक बघायला आले असं. तुझी आठवण झाली.

सकाळी पेटीपाशी उभी होते, लांब, रोजच्यासारखी. पाहुणी कुशीवर झोपली होती. गालाखाली चिंधी. वाटलं, सिस्टरने ठेवली असेल. मग तिने मूठ हलवली आणि चिंधीचा कोपरा वर आला. त्यावर लाल 'एल'.

ड्रायव्हिंगवाली शेजारच्या पेटीत हात घालून मुलाशी बोलत होती. "हळू, हळू, घाई कसली?"

मी म्हटलं, "ही कुणाची?"

तिने बघितलं. "माझी."

"माझ्या मुलीजवळ काय करतेय?"

"झोपायला मदत. आणि ओरडू नका, उठेल ती."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"कुणाला विचारून?"

"तिला विचारलं. नको म्हणाली नाही."

ताई, माझा तोल गेला. "तुमचा वास कशाला हवाय माझ्या मुलीला? तिला वाटेल तुम्हीच तिची आई!"

"वाटू दे की! थोडे दिवस वाटलं तर काय जातंय? मोठी झाली की कळेल, आई वेगळी, ही एक वेडी होती. पण कसलाच वास नसलेल्या पेटीत एकटं पडून राहायचं? तुम्ही पडून बघा एक दिवस." मग तिचाही तोल गेला. "आणि मला काय हौस आहे का? चार-चार चिंध्या सांभाळते, दोन सदा गळ्यात कोंबलेल्या, अंगाला खाज सुटलीये! माझ्या नवऱ्याने विचारलं, एक आपल्या मुलाची, दुसरी कुणाची? काय सांगू त्याला?"

"सांगा, चोरीची!"

"चोरी? अहो, तुमच्या पिशवीची घडी तरी मोडली आहे का?"

आता सगळी खोली आमच्याकडे बघत होती. हेड सिस्टर आल्या. त्यांनी आधी तिला धारेवर धरलं. एकीची चिंधी दुसऱ्या बाळाजवळ म्हणजे जंतूंना आमंत्रण, इथे बाळं वाढवायची आहेत की रोग, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला होता की नाही. ड्रायव्हिंगवाली मान खाली घालून ऐकत होती, ट्रॅफिक पोलिसासमोर उभी असल्यासारखी. त्यांनी झरोक्यातून 'एल' काढून घेतला आणि धुण्याच्या टोपलीत टाकला.

पाहुणीने तोंड वाकडं केलं. डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोळे मिटलेले. शोधत होती. एवढंसं ते डोकं, मोसंबीएवढं, आणि त्याला माहीत होतं की काहीतरी होतं आणि आता नाहीये. 

हेड सिस्टर माझ्याकडे वळल्या. "पोर कुणाची हे भांडून ठरलं असेल, तर हात धुवा."

मागून खुदकन आवाज आला. जुळीवाली हसली होती. तोंडावर हात, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा. मग बारकी हसली. मग ड्रायव्हिंगवाली, ती तर हसली की काचा वाजतात.

मी पिशवी फाडली. चिंधी गळ्याशी कोंबली. हात कोपरापर्यंत धुतले, चित्रातल्या सगळ्या पायऱ्या, माझ्या नवऱ्याने बघायला हवं होतं. आणि झरोका उघडला.

आत गरम आहे, ताई. मला का कोण जाणे, थंड असेल असं वाटलं होतं. तिचा एक कान दुमडला होता. या बाळांच्या कानात अजून कूर्चा, ते लवचिक हाड, तयार झालेली नसते, दुमडला की तसाच राहतो, आपणहून सरळ होत नाही. कुणीतरी उलगडावा लागतो. मी करंगळीने उलगडला. जुन्या पुस्तकातला दुमडलेला कोपरा आपण सरळ करतो ना, तसा, पण तो कागद जिवंत. लोकांचे कान पिळण्यात माझी हयात गेली. उलगडण्याची ही पहिलीच वेळ.

खांद्यावर बारीक लव आहे. तळपायाला एकसुद्धा रेघ नाही. पोट वर-खाली होतं तेव्हा आतलं सगळं काम चाललेलं दिसतं, जणू अजून कारखान्यावर छप्पर घालायचं राहिलंय. हे सगळं एवढ्या जागेत कुणी बसवलं? मी बघत होते. मी रोज येत होते आणि मी हे बघितलंच नव्हतं.

चिंधी संध्याकाळी तिच्याजवळ ठेवली. तिने नाक मुरडलं. नवीन वास. आवडला नाही. बरोबरच आहे तिचं.

१० मार्च, मंगळवार

ताई,

आज माझी पाळी होती.

खरं तर आठवडाभर पुढे ढकलत होते. आज ती झोपलीये, उद्या बघू. हेड सिस्टर म्हणाल्या, "अहो, ती झोपलेलीच असते. तुम्ही जाग्या व्हा." माझी भीती अगदी साधी होती. तिला माझा वास ओळखीचा नाही. सगळी बाळं आईच्या छातीवर गप्प होतात, ही नाही झाली तर? ते मला सगळ्यांसमोर कळणार.

खुर्चीत बसले. कपडे उघडले. भोवती उभ्या राहिल्या, पाच पाठी. सिस्टरने नळ्या-वायरी सांभाळत तिला उचललं आणि माझ्या छातीवर ठेवलं. वर टोपी घातली. टोपी म्हणजे तुझा मोजा. घोट्यापर्यंत कापून, वरचा भाग शिवून. डोक्याला तो बरोबर बसतो. तू चुकून पायाचा विणलास, ताई, मापाने तो डोक्याचाच होता.

वजन? वजनच नव्हतं. गरम वाटीएवढं काहीतरी. पण ती आखडली. हातपाय ताठ. तोंड फिरवायला लागली. यंत्राचा आकडा खाली आला. आणखी खाली. मग ते ओरडलं.

"घ्या तिला," मी सिस्टरला म्हटलं. "तिला नकोय. ठेवा आत."

सिस्टरने टिचकी मारली. आकडा थोडा चढला, परत उतरला.

"घ्या म्हणते ना!"

"लेखिकाबाई." ड्रायव्हिंगवाली. मान न वळवता. "श्वास घ्या."

"तिला सांगा!"

"तिचं नंतर. तुम्ही घ्या. मघापासून तुमचा आवाज नाही. शेजारी बसलेल्याचा श्वास थांबला की मला कळतं, आयुष्य त्यात गेलंय."

खरंच मी घेत नव्हते. मीही विसरले होते, तिच्यासारखीच. मी आत ओढला. छाती वर आली आणि छातीबरोबर ती वर आली. सोडला, ती खाली गेली. होडीसारखी.

"क्लच सोडा हळूहळू," पाठ म्हणाली. "घाबरू नका. माझ्या बाजूलाही ब्रेक आहे."

"तुम्हाला दिसतंय तरी का काही!"

"शिकाऊ माणसाकडे बघायचंच नसतं. बघितलं की तो जास्त घाबरतो. रस्त्याकडे बघायचं."

मी परत श्वास घेतला. परत सोडला. कुणीतरी माझ्याबरोबर घेत होतं, ऐकू येत होतं. मग दुसरी. मग सगळ्याच. पाच पाठी एकदम वर, एकदम खाली. कुणी ठरवलं नव्हतं. मधल्या पाठीवर घामाची ओली खूण. बारकीच्या गाऊनची नाडी सुटून लोंबत होती. जुळीवालीचे खांदे थरथरत होते आणि तरी ते त्याच लयीत. मी माणसं कायम तोंडाकडून बघितली, ताई. तोंडं खोटं बोलतात, मग मी त्यावर लिहिते, लोक हसतात. पाठीबद्दल मला काही माहीतच नव्हतं.

आणि मग तिने घेतला. माझ्या श्वासाच्या मागोमाग, एक पाऊल उशिरा, तिचा. परत माझा, परत तिचा. यंत्र गप्प झालं. ताठ हात सैल झाला, माझ्या हाडावर पडला. नाक माझ्या कातडीत खुपसलं, तिने हुंगलं, थांबली, विचार केल्यासारखी, आणि परत हुंगलं.

ओळखलं की नाही, माहीत नाही. मान्य केलं.

हेड सिस्टर आत डोकावल्या. "किती वेळ ठेवायचं?" मी विचारलं. "उठावं लागेपर्यंत," त्या म्हणाल्या. "तिला नव्हे. तुम्हाला."

तिला आता पाहुणी म्हणत नाही. मुकादम म्हणते. सहा बायका, एक सिस्टर आणि एक यंत्र एका टिचकीवर कामाला लावते, दुसरं काय म्हणणार?

रडले की नाही हे विचारू नकोस. छातीवर बाळ असताना डोळे पुसता येत नाहीत, एवढीच माहिती देते.

२२ मार्च, रविवार

ताई,

ड्रायव्हिंगवाली काल घरी गेली. मुलगा कडेवर, म्हणजे कडेवर कसला, तळहातावर. गाडीच्या मागच्या काचेला लाल 'एल' लावला होता, नवऱ्याला म्हणे, "चाळीसच्या वर गेलास तर उतरवीन." जाताना मला म्हणाली, "खाज थांबली बाई एकदाची." मग माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझीच चिंधी भिजली. मुकादमच्या पेटीपाशी गेली, आत हात घातला नाही, नियम आहे. काचेवर बोट टेकवलं. मुकादमने जांभई दिली. "बघा," ती म्हणाली, "विसरली पण मला." मोठ्या समाधानाने म्हणाली.

मुकादम आता सोळाशेच्या पुढे आहे. श्वास विसरते अजून, कमी. डॉक्टर म्हणतात, आणखी काही आठवडे, आणि काही नक्की सांगता येत नाही. इथे कुणीच काही नक्की सांगत नाही. मला त्याची सवय होत नाहीये, पण आता मी भिंतीपाशी उभी राहत नाही. तिचं काही झालं तर ते सगळं माझ्यापर्यंत येणार आहे, पुरतं. चिंधी रोज घरी नेते. उशीखाली ठेवते. तिला दुधाचा आणि गरम पत्र्याचा वास येतो. तुला वाटेल, हा काय वास झाला. हुंगलास तर कळेल.

आणखी एक गंमत. नवीन पडदा आला. खरोखर. मोठा, हिरवा, चारही चाकं फिरतात. त्यावर देणगीदाराचं नाव एवढ्या टपोऱ्या अक्षरांत छापलंय, की पलीकडून बघणाऱ्याला आत आई नव्हे, जाहिरात बसलीये असं वाटेल. साहेब लोक फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी जुळीवालीचं बाळ छातीवर घ्यायचं होतं. हेड सिस्टरांनी पडदा ओढून आणला.  बारकीने पडद्यावर तिचा ओला ॲप्रन वाळत घातला. मग दुसरीने घातला. आणि सगळ्या उठून उभ्या राहिल्या, तोंडं बाहेर करून. हेड सिस्टर म्हणाल्या, "वाळत घालायला तरी झाला." पडदा चांगलाच आहे गं. पण तो 'श्वास घे' म्हणत नाही.

आता कामाचं. ड्रायव्हिंगवालीची जागा मोकळी आहे. ती पाठींच्या भिंतीतली ऐन मधली, काचेसमोरची. नव्या आलेल्या बाईला अजून उभं राहवत नाही, टाके ओले आहेत. आज मुकादमला घेऊन बसले तेव्हा तिथे फट होती. त्या फटीतून तो सँडविचवाला डॉक्टर दिसत होता. आज त्याच्या हातात पोळीची गुंडाळी होती. पाठी सगळ्या सरकून सरकून बघत होत्या, पुरत नव्हत्या.

आईशिवाय एकाला आत सोडतात. नवऱ्याने आपला पास तुझ्यासाठी सोडलाय. त्याची पाठ तशीही किरकोळ आहे, आणि बायकांच्या भिंतीत त्याला कोण घेणार? तो जिन्यात खूश आहे. जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही, असा त्याला शोध लागलाय.

तुझी पाठ रुंद आहे. उंची त्या फटीला बरोबर बसते, मी मनात मापून बघितली. तासन् तास ताठ उभं राहायची तुला सवय, तीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलंस तू. मलाही केलंस, ते वेगळं.

यायचं असेल तर नखं कापून ये. बांगड्या, अंगठी, घड्याळ घरी ठेव. सुगंधी काही लावू नकोस, हेड सिस्टर कुत्र्यासारख्या हुंगतात. हात कोपरापर्यंत धुवावे लागतील, चित्रं आहेत, तुला चित्रांची गरज पडणार नाही. आणि आणखी एक मोजा विणून आण, जरा मोठा. तिच्या डोक्यावरचा पहिला आता घट्ट होतोय.

आणि माझ्याशी बोलायचं नसेल, तर नको बोलूस. या कामात तोंड दुसरीकडेच असतं.